जुन्या कॅरॅव्हॅनच्या खिडक्या बदलायच्या आहेत: अ‍ॅक्रिलिक, काच, रबर आणि खालची ओल

जुनी_चाकं

सत्तरच्या दशकातली एका आसाची कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर) उघडून नव्याने बांधायला घेतली आहे. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये २५ मिमी लाकडी सांगाडा आणि थर्माकोल, आतून ३ मिमी प्लाय. खिडक्या पाच:

पुढची एक, १२०० × ५०० मिमी, सपाट, दुहेरी अ‍ॅक्रिलिक, वरच्या पट्टीत अडकवून बाहेर उघडणारी. सगळ्या पृष्ठभागावर बारीक चिरांचं जाळं झालंय.
बाजूच्या दोन, त्याच प्रकारच्या. तावदानं धड आहेत, पण दोन थरांच्या मध्ये वाफ धरते.
मागच्या दोन, न उघडणाऱ्या. ४ मिमी काच, भोवती रबर, रबराच्या खाचेत दाबून बसवलेली पट्टी. रबर कडक होऊन कोपऱ्यांत फाटलंय.

पुढच्या खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ओलमापक २८ ते ३० टक्के दाखवतो. आधी कुणीतरी खालच्या कडेला सिलिकॉनचे थरावर थर दिले आहेत, तरी ओल आहेच. प्रश्न असे: चिरांचं जाळं पॉलिशने जाईल का? मागे काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक चालेल का? आणि सीलंट नेमकं कोणतं?

रंधा_पटाशी

सीलंटचं नंतर पाहू. आधी लाकूड.

खालच्या कोपऱ्यात ओल दिसते म्हणून खालची कड गळते असं नसतं. या प्रकारच्या खिडकीत बहुतेक वेळा पाणी शिरतं ते वरच्या पट्टीतून. तिचे स्क्रू प्लास्टिकच्या झाकणपट्टीखाली दडलेले असतात. उन्हाने ती आकसते, टोकांना फट पडते, पाणी आत साचतं आणि गंजलेल्या स्क्रूच्या कडेने पत्र्यामागे उतरतं. तिथून उभ्या लाकडावरून ओघळत खालच्या आडव्या पट्टीवर येऊन थांबतं. तुमच्याकडे तर खालची कड सिलिकॉनने बंद आहे, म्हणजे आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायलाही वाट नाही. ओल त्यामुळे वाढलीच असणार.

ओलमापकाचे आकडे ढोबळमानाने असे वाचा: १५ पर्यंत ठीक, १५ ते २० लक्ष ठेवा, २० च्या पुढे उघडून बघा, ३० च्या आसपास लाकूड कुजायला लागलंय असंच धरून चला. आकड्यावर न थांबता आतला प्लाय कोपऱ्यात काढून टोचा मारा. टोचा २-३ मिमीपेक्षा जास्त सहज शिरला तर ती पट्टी बदलायची. पट्टी नुसती ओली असेल पण टणक असेल, तर वाळवून चालते. त्याला आठवडे लागतात, हीटर लावून दोन दिवसांत उरकू नका. घाईत लाकूड पिळतं.

बदलताना कुजलेला भाग दिसतो त्याच्या पुढे किमान १०० मिमी चांगल्या लाकडापर्यंत कापा. जोड अर्ध्यात अर्धा घ्या (दोन्ही टोकं अर्ध्या जाडीची करून एकमेकांवर), चिकटवायला इपॉक्सी किंवा पाण्याने न सुटणारा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. नुसती टोकाला टोक लावलेली पट्टी खिडकी घट्ट करताना खचते.

एका वेळी एकच खिडकी काढा. खिडकी निघाली की भिंत लुळी पडते. काढायच्या आधी भोकाचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवरच लिहून ठेवा आणि नवीन लाकूड बसवल्यावर पुन्हा मोजा. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आडवा टेकू देऊन आधी भोक सरळ करा, मग सगळं चिकटवा. भोकाचा कोपरा काटकोनी करू नका. गोलाई होती तेवढीच ठेवायची, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा फाटत जातो. आधीच फाटलेला असेल तर चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मागून पत्र्याचं ठिगळ द्या.

तावदान

जाळं पॉलिशने जाणार नाही. ओरखडा वरवर असतो, तो जातो. हे जाळं म्हणजे खऱ्या चिरा असतात, पृष्ठभागापासून आत गेलेल्या. ऊन, ताण आणि चुकीचं क्लीनर, तिन्ही मिळून होतं ते. आणखी घासलंत तर तावदान पातळ होईल आणि एखाद्या दिवशी खिडकी उघडताना कडेपासून फुटेल. ते बदला.

सपाट आहे हे तुमचं नशीब. वळणदार तावदान असतं तर साचा आणि १५० अंशांच्या वरची भट्टी लागली असती. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: चौकटीसकट तयार दुहेरी खिडकी घेणं, किंवा जुनी वरची पट्टी ठेवून ५ मिमीचं एकेरी तावदान कापणं. एकेरीत थंडीत आतून पाणी धरेल, बाकी काम चालतं.

स्वतः कापणार असाल तर कास्ट (साच्यात ओतलेली) शीट घ्या, एक्सट्रूडेड (दाबाने फटीतून काढलेली) नको. एक्सट्रूडेड स्वस्त असते, पण तिच्यात ताण अडकलेला असतो आणि भोकापाशी लवकर तडकते. संरक्षक कागद न काढता कापा, जिगसॉला बारीक दातांचं पातं, वेग कमी. वेग जास्त झाला की भुसा वितळतो आणि कापलेली फट मागून पुन्हा चिकटत येते; वास बदलला की थांबा. मग कड २२०, ४०० आणि ६०० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कडेवर नखाला लागेल एवढी जरी खाच राहिली तरी पुढची चीर तिथूनच निघते.

धातूसाठी धार लावलेलं ड्रिल अ‍ॅक्रिलिक ओढून घेतं आणि पलीकडच्या बाजूने टवका उडतो. धार दगडावर किंचित बोथट करा म्हणजे ते कापण्याऐवजी खरवडतं. खाली लाकूड धरा. भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवं.

लोक चुकतात ते फटीत. अ‍ॅक्रिलिक मीटरमागे दर अंशाला ०.०७ मिमी वाढतं, अ‍ॅल्युमिनियम ०.०२३. १२०० मिमीचं तावदान ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३.४ मिमी वाढतं, चौकट जेमतेम १.१. म्हणून रुंदीत एकूण ३ मिमी तरी मोकळे सोडा, स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी ठेवा आणि खाली रबरी वॉशर द्या. थंड सकाळी मापात ‘फिट्ट’ बसवलेलं तावदान दुपारी फुगून वाकतं.

मागच्या खिडक्यांबद्दल: काच काढून अ‍ॅक्रिलिक लावल्यावर वजन निम्म्याहून कमी होतं (४ मिमीला चौरस मीटरमागे १० किलोऐवजी ४.८), पण त्या रबरात ते नीट धरत नाही. रबर काचेच्या ताठपणावर बसतं. लवचीक तावदान वाऱ्याच्या दाबाने खाचेतून निसटतं. तिथे काचच ठेवा, पण टफन्ड (तापवून कणखर केलेली). टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, तेव्हा माप पक्कं झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. रस्त्यावर ओढायच्या गाडीला बऱ्याच ठिकाणी सेफ्टी ग्लेझिंगचा (सुरक्षित तावदानाचा) शिक्का लागतो. युरोपीय भागांवर ‘४३आर’ अशी खूण कोपऱ्यात कोरलेली असते. तावदान स्वतः कापणार असाल तर हा नियम तुम्हाला किती लागू होतो ते आधी बघून घ्या.

वाफ धरणाऱ्या दोन खिडक्या बदलू नका. कडेला छोटी प्लास्टिकची बुचं असतात. ती काढून तावदान कोरड्या, कोमट खोलीत काही दिवस उभं ठेवा, मग कोरड्या हवेत बुचं परत लावा. हीट गनची गरज नाही, अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंशांनाच मऊ पडतं.

जुनी_चाकं

धन्यवाद. पुढच्या खिडकीसाठी चौकटीची तयार खिडकी घ्यायचं ठरवतोय. तिच्या चौकटीमागे पीयू सीलंट भरपूर लावून घट्ट केलं तर कायमचं काम होईल ना?

बुटाइल_बहाद्दर

कायमचं होईल, तेच तर नको. पुढच्या वेळी काढताना पत्रा वाकेल. शिवाय बऱ्याच पीयूंमधली द्रव्यं अ‍ॅक्रिलिक आणि एबीएस प्लास्टिकला चिरा पाडतात. नळीवर अ‍ॅक्रिलिकला चालतं असं स्पष्ट लिहिलं नसेल तर तावदानाजवळ नकोच.

सिलिकॉन तर त्याहून वाईट. आंबट वासाचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि त्याचा पातळ थर राहिला तरी पुढचं काहीच धरत नाही, रंगसुद्धा. आधीचं सगळं खरवडून काढा, प्लास्टिकच्या पात्याने. मग सिलिकॉन रिमूव्हर, फक्त पत्र्यावर. अ‍ॅक्रिलिकला थिनर, स्पिरिट, अमोनियाचं ग्लास क्लीनर काहीही लावू नका. साबणाचं पाणी, बस.

चौकट आणि पत्रा यांच्यात कायम मऊ राहणारं बुटाइल (चिकट रबरी सीलंट): ३ मिमी जाड, २० ते २५ मिमी रुंद टेप.

खाच_आणि_पट्टी

मागच्या खिडक्यांच्या रबराचं सांगतो, कारण तिथे मापाची गफलत नेहमी होते.

रबराच्या मधल्या भिंतीची जाडी मोजा. काच भोकापेक्षा प्रत्येक बाजूला तेवढीच लहान हवी. मधली भिंत ६ मिमी असेल तर काच रुंदीत आणि उंचीत १२ मिमी लहान. एका बाजूची खाच कॅरॅव्हॅनच्या भिंतीची पत्र्यासकट जी जाडी होते तिला जुळली पाहिजे, दुसरी काचेला. जुन्या रबराचा तुकडा नमुना म्हणून जपा, पण माप त्यावरून घेऊ नका. तो आकसलेला असतो.

रबर भोकाच्या परिघापेक्षा एक ते दीड टक्का लांब कापा आणि दाबून बसवा. ताणून बसवलं तर काही महिन्यांत आकसून जोडापाशी फट पडते. जोड वरच्या कडेच्या मध्यावर, कोपऱ्यात कधीच नाही. टोकं धारदार पात्याने काटकोनात कापून चिकटवा.

काच बसवताना ३-४ मिमीची गुळगुळीत दोरी काचेच्या खाचेत फिरवा, टोकं खाली मध्यावर एकमेकांवर चढवून आत सोडा. खाचेत साबणाचं पाणी. बाहेरून एकाने तळव्याने दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी काचेला समांतर ओढायची. दोरी ओढताना रबराची कड हळूहळू उलटून काचेवर चढते. एका जागी अडली तर जोर न लावता १०० मिमी मागे येऊन पुन्हा पाणी लावा. ग्रीस, खनिज तेल, व्हॅसलीन वापरू नका, ईपीडीएम हे कृत्रिम रबर त्याने फुगतं. शेवटी लॉकिंग पट्टी तिच्या हत्याराने भरा. स्क्रूड्रायव्हरने भरलीत तर रबराची कड कापली जाईल. पट्टीचा जोड रबराच्या जोडाच्या विरुद्ध बाजूला.

जुनी_चाकं

नवीन चौकट ११९० × ४९० च्या भोकाची मिळतेय. १० मिमी सीलंटने भरले तर?

रंधा_पटाशी

नाही. सीलंट म्हणजे खड्डे भरायची लांबी (पुट्टी) नव्हे. भोकाच्या आत दोन बाजूंना लाकूड वाढवा आणि चौकटीची बाहेरची पाळ जुन्या पत्र्यावर किमान १५ मिमी चढते का ते बघा. चढत नसेल तर दुसरं माप शोधा. ऑर्डर देताना रुंदी आधी की उंची आधी आणि माप भोकाचं की बाहेरच्या चौकटीचं, हे विचारून घ्या. कोपऱ्याची गोलाईसुद्धा पुठ्ठ्याच्या साच्याने जुळवा. भोकाचा कोपरा चौकटीपेक्षा जास्त गोल असेल तर कानशीने काढता येतो, उलट असेल तर पाळीबाहेर फट उघडी पडते.

या चौकटी आत-बाहेर दोन भागांत असतात आणि स्क्रूने भिंतीला चिमटा घेतात. त्यामुळे भिंतीची जाडी खिडकी बनवणाऱ्याच्या तक्त्यात बसली पाहिजे. जास्त जाड भिंतीला लांब स्क्रू लावून भागत नाही, आणि पातळ भिंतीला लांब स्क्रू बाहेरच्या चौकटीत आरपार जातो. भिंत पातळ असेल तर आतून प्लायची पट्टी लावून जाडी भरा.

कोरडी जुळणी आधी. मग बाहेरच्या पाळीला आतून बुटाइल, जोड खाली नको, बाजूला, १० मिमी एकमेकांवर. हवा थंड असेल तर टेप आधी कोमट करून घ्या. बाहेरून एकाने चौकट धरायची, आतून स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, चाकाचे नट आवळतो तसे, एका वेळी दोन-तीन फेरे. हातानेच, ड्रिलवर लावले तर प्लास्टिकचा पेच फिरतो. बुटाइल चहूबाजूंनी सारखं बाहेर डोकावलं की थांबा. एक दिवस जाऊ द्या, ते बसतं आणि स्क्रू पुन्हा पाव फेरा घेतात. बाहेर आलेलं त्यानंतर प्लास्टिकच्या पात्याने कापा.

बाजूच्या खिडक्यांची वरची पट्टीही याच कामात काढून घ्या. जुने स्क्रू स्टेनलेसने बदला, प्रत्येक भोकात बुटाइलची गोळी भरून मगच स्क्रू फिरवा, नवीन झाकणपट्टी ५ मिमी लांब ठेवून टोकाची बुचं लावा.

बुटाइल_बहाद्दर

आतला प्लाय लावायच्या आधी पाण्याची चाचणी घ्या. साधा नळ, प्रेशर वॉशर नाही. खालच्या कडेपासून सुरुवात, दहा मिनिटं. मग बाजू, मग वर. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. आत एकजण टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसवा, लाकडाच्या सांध्यांवर टिश्यू टेकवत राहायचं. थेंब दिसण्याच्या कितीतरी आधी टिश्यूवर डाग पडतो.