अनुभव धागा : सोलापूर जिल्ह्यातील नद्या, ओढे आणि पाणलोटाची राखण

संयोजक

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा असतो. उजनी धरण भरले की जिल्ह्याची चिंता मिटली असे शहरात बोलले जाते. परंतु कालव्यापासून दूर असलेल्या गावांचे पाणी त्यांच्याच माथ्यावर पडलेल्या पावसातून यायचे असते. हे पाणी अडवण्यासाठी गावोगावी झालेल्या श्रमदानाच्या आरंभाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्यात मात्र काम झाल्यानंतर ते कोणी आणि कसे सांभाळले, याविषयी आपण लिहावे, ही विनंती. गावातील व्यक्तींची नावे शक्यतो टाळावीत.

बार्शीकर शेतकरी

आमच्या तालुक्यातील सुर्डी गावाने २०१९ मध्ये सत्यमेव जयते वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, हे अनेकांना ठाऊक असेल. आमचे गाव बक्षिसाच्या आसपासही नव्हते, पण ८ एप्रिल ते २२ मे या स्पर्धेच्या ४५ दिवसांत शिवारात जे घडले ते आधी कधी पाहिले नव्हते. माथ्यावर ए-फ्रेमने (उतार मोजण्याच्या A आकाराच्या चौकटीने) समपातळी रेषा आखून सलग समतल चर खोदले, ओघळींमध्ये अनगड दगडी बांध रचले, शेतांत बांधबंदिस्ती केली आणि त्यानंतरच नाल्याला हात लावला. हा क्रम मोडून आधी नालाबांध घातला, तर वरून वाहून येणारी माती दोन-चार पावसाळ्यांत तो भरून टाकते.

स्पर्धा संपली की चर सांभाळायला कोणी उरत नाही, ही खरी अडचण होती. चरात माती साचते, गुरांच्या वाटेने कडा ढासळतात आणि एका ठिकाणी फुटलेले पाणी पुढचे चार चर फोडत जाते. आमच्याकडे माथ्याचे भाग वस्त्यांना वाटून दिले आणि दर उन्हाळ्यात ज्या त्या वस्तीने आपला भाग उपसायचा, असे ग्रामसभेत ठरवले. वरच्या वस्त्यांनी ते नेटाने पाळले. गावठाणालगतच्या भागाचे काम मात्र नेहमी मागे पडते, कारण तो सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही.

विहिरींची पातळी वाढली, त्यानंतर जे झाले ते अधिक गंभीर आहे. आपल्या भागातील काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. ही साठवण उथळ आणि मर्यादित असते, आणि एकाच्या विहिरीचा तळ दुसऱ्याच्या विहिरीशी जोडलेला असतो. विहिरींना पाणी दिसताच उसाची लागण वाढली आणि मागोमाग बोअरची गाडी गावात येऊ लागली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरी घेण्यावर निर्बंध आहेत. मात्र गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते, तेव्हा अधिनियम विचारायला कोणी जागे नसते.

शेवटी शाळेच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद लिहिला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उसाला वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर होतात. हा आकडा वाचल्यावर काहींनी ऊस मोडून तूर आणि ज्वारी घेतली, काहींनी ठिबक केले, आणि काही जण आजही पाटाने ऊस भिजवतात. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा दर वर्षी ऑक्टोबरमध्ये आकडे पुन्हा लिहिणे मला अधिक उपयोगी वाटते.

सीनाकाठ

आमच्याकडे सीना नदीवर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे आणि त्याचा लाभ दोन्ही काठांवरील दोन गावांना होतो. या बंधाऱ्याचे सगळे यश दारे वेळेवर टाकण्या-काढण्यात असते. पावसाळ्यात ती काढून ठेवावी लागतात, म्हणजे पुराबरोबर गाळ निघून जातो. परतीचा पाऊस ओसरू लागला की ती बसवायची. आठवडाभर लवकर बसवली आणि वरून लोंढा आला, तर पाणी कडेने नवी वाट काढते. उशीर केला, तर अडवायला पाणीच राहत नाही. दोन्ही गावांची मिळून एक समिती केली, दारे गावातील गोदामात कुलपात ठेवली आणि एक किल्ली प्रत्येक गावाकडे दिली. दोन्ही किल्ल्यांशिवाय गोदाम उघडत नाही, ही अट ज्या वयस्कर शेतकऱ्याने सुचवली त्यांना मी मनोमन अभियंता मानतो.

सप्टेंबर २०२५ च्या महापुराने आम्हाला दुसरी बाजू दाखवली. नदीकाठच्या ज्या शेतांत काठावरची झाडे, करंज आणि वाळा राखला होता, तेथेही पाणी शिरले, परंतु जमीन जागेवर राहिली. जेथे काठापर्यंत नांगर घातला होता किंवा वाळू उपसली होती, तेथील काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. आता काठापासून काही अंतर नांगरायचे नाही, असा ठराव केला आहे. तो पाळला जातो की नाही, हे येत्या पेरणीला कळेल.

माळरानप्रेमी, नान्नज परिसर

वरील दोन्ही अनुभवांबद्दल आदर बाळगूनच एक हरकत नोंदवतो. माळरान दिसले की चर खोदायचे आणि रोपे लावायची, ही सवय सर्वत्र हिताची नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. त्या पक्ष्याला उघडे गवताळ रान लागते, दाट झाडी नव्हे. पवन्या आणि मारवेल यांसारख्या गवतांची पातीही पावसाचा मारा अडवतात आणि मुळे पाणी जमिनीत उतरवतात, आणि त्यासाठी यंत्र लावावे लागत नाही. एका वस्तीवर आम्ही चर न खोदता केवळ पावसाळाभर चराईबंदी ठेवली आणि दिवाळीनंतर गवत कापून वाटून दिले. धनगर बांधवांना त्यांच्या कळपांसाठी वेगळा पट्टा आधीच ठरवून दिला होता, म्हणून बंदी टिकली. त्यांना न विचारता ती लादली असती, तर पहिल्याच आठवड्यात मोडली असती आणि दोष त्यांच्या माथी आला असता.

सोलापूर शहरातून

माझा अनुभव लहान आहे. १८७१ मध्ये आदिला नदीवर एकरुख तलाव बांधला गेला, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. त्याच्या खाली शहराच्या कडेने वाहणाऱ्या पात्रात सांडपाणी आणि प्लास्टिक यांचेच राज्य आहे. आम्ही काही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पात्राच्या कडेने चालतो आणि कोणता नाला कोठे मिळतो, याचा नकाशा करतो. स्वच्छतेच्या मोहिमेला छायाचित्रकार येतात, नकाशाला येत नाहीत. पण वॉर्डातील बैठकीत नकाशा पुढे ठेवला की चर्चा नेमक्या ठिकाणावर येते.

सांगोल्याची बचत गटाची सदस्य

बार्शीच्या दादांनी ताळेबंदाबद्दल लिहिले, म्हणून आमची पद्धत सांगते. अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हा होता, तेव्हा आमच्या गटातील महिलांना विहिरीची पातळी मोजायला शिकवले गेले. वजन बांधलेली फीत विहिरीत सोडायची, ओली खूण वाचायची आणि तारीख घालून वहीत लिहायची, एवढेच ते काम आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. आम्ही दर महिन्याला मोजतो, कारण डाळिंबाच्या बागेला टँकर लागणार की नाही, हे घरात आधी कळावे लागते. सुरुवातीला मोठे बागायतदार आपल्या विहिरीजवळ येऊ देत नसत. वहीतील आकडे पाणीवाटपाच्या वादात त्यांच्याही बाजूने उपयोगी पडू लागले, तेव्हा ते स्वतःहून बोलावू लागले.

दादा, तुमच्या भिंतीवर पावसाच्या आकड्याशेजारी मार्चअखेरची विहिरींची पातळीही लिहून पाहा. ऊस भिजवणाऱ्यांना आपल्याच विहिरीचा आकडा खोटा म्हणता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. फीत कशी तयार करायची, हे हवे असल्यास सविस्तर लिहीन.