नवी कोंबडी आणि जुन्या तिघी

ताई, बाजारातून आणलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) तुम्ही त्याच दिवशी जुन्या तिघींत सोडली आणि त्यांनी तिचा तुरा रक्ताळला, हे वाचून वाईट वाटलं. आधी तिला वेगळी काढा. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. जखमेवर हळद लावा आणि ती सुकेपर्यंत तिला डालग्याखाली ठेवा.

पण टोचण्यापेक्षा मला भीती वाटते ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची. बाजारची कोंबडी वरून ठणठणीत दिसते आणि आठवड्याभरात सगळं खुराडं आजारी पाडते. आमच्याकडे एकदा अशाच एका कोंबडीपायी पाच गेल्या. हिरवट पातळ शीट, माना वाकड्या. तेव्हापासून नवा पक्षी मी 30 दिवस पार दुसऱ्या टोकाला ठेवते. पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी जुन्यांचं करून मग तिच्याकडे जायचं. पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून उवा बघा. लसीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तुमच्या तिघींचा आता संपर्क झालाच आहे, त्यामुळे त्यांच्याही शिटेवर लक्ष असू द्या.

नंतर आठवडाभर मध्ये जाळी, म्हणजे नुसती नजरभेट. मग रात्री, सगळ्या बसल्यावर, तिला अलगद दांडीवर ठेवायची. सकाळी थोडी टोचाटोची होईलच, ती होऊ द्या. दाण्याची भांडी मात्र दोन ठेवा, लांब लांब. आणि जमलं तर तिच्याच वयाची जोडीदारीण आणा, एकटीवर सगळा मार येत नाही.