सोसायटी ग्रुप: आयकर रिटर्नची तारीख हुकली, ३१ डिसेंबरच्या आत काय करायचं

(१८ डिसेंबर २०२५)

बी-७०४: नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं २०२४-२५ चं रिटर्न भरायचं राहिलंय. वय ७१. पेन्शन ६,९०,०००, एफडीचं व्याज २,४०,०००. बँकेने २४,००० टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापलाय, पेन्शनवर काहीच कापलेलं नाही. पोर्टल कराशिवाय ५,००० जादा दाखवतंय. हा दंड माफ होतो का? चर्चगेटला आयकर भवनात अर्ज द्यावा का?

ए-३०२: वहिनी, त्यासाठी आयकर भवनात खेप घालू नका. हा दंड नाही, कलम २३४एफ खालचं विलंब शुल्क आहे. पूर्वी २७१एफ खाली दंड होता आणि तो लावायचा की नाही हे अधिकारी ठरवायचे. असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं, हिशेबाचं वर्ष) २०१८-१९ पासून शुल्क आलं. तारीख उलटली की ते आपोआप लागतं, कारण कुणी विचारत नाही. यंदा मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, मग आणखी एक दिवस, १६ सप्टेंबर. ज्यांना ऑडिट लागत नाही त्यांचं त्यानंतर भरलेलं प्रत्येक रिटर्न १३९(४) खाली, म्हणजे उशिराचं. आणि त्याचीही शेवटची तारीख ३१ डिसेंबर आहे. हातात तेरा दिवस आहेत. ५,००० चं दुःख नंतर करू, आधी ही तारीख गाठू.

सी-१०१: ५,००० सगळ्यांनाच का? भाचीचा पगार साडेसहा लाख आहे, ८७ए च्या (कमी उत्पन्नावरचा कर माफ करणाऱ्या) सवलतीमुळे कर शून्य.

ए-३०२: शून्य कर असला तरी लागतं, काका. शुल्क करावर नाही, एकूण उत्पन्नावर ठरतं. साडेसहा लाखांतून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० गेले, उरले ५,७५,०००. पाच लाखांच्या वर, म्हणून ५,०००. पाच लाख किंवा कमी असतं तर १,०००. वजावटींच्या आधीचं उत्पन्नच तीन लाखांच्या आत असेल आणि इतर कुठल्या कारणाने रिटर्न सक्तीचं नसेल, तर काहीच नाही. रिफंड निघत असेल तर शुल्क त्यातूनच वळतं होतं, त्यामुळे "माझा तर रिफंड आहे, मला काय" हे चालत नाही.

वहिनी, आता तुमचा हिशेब मांडते. पेन्शनमधून ७५,००० वजा, ६,१५,०००. व्याज मिळवून ८,५५,०००. नव्या पद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) पहिल्या तीन लाखांवर काही नाही, तीन ते सातवर ५ टक्के म्हणजे २०,०००, वरच्या १,५५,००० वर १० टक्के म्हणजे १५,५००. झाले ३५,५००. त्यावर ४ टक्के सेस १,४२०. एकूण ३६,९२०. टीडीएस २४,००० वजा, बाकी १२,९२०.

त्या बाकीवर २३४ए चं व्याज, महिन्याला १ टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने. शंभराच्या खालचे रुपये सोडून १२,९०० वर ४ टक्के, ५१६ रुपये. शुल्क ५,०००. बेरीज १८,४३६, दहाच्या पटीत १८,४४०.

बी-७०४: पोर्टलवर अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं व्याज शून्य आहे. ते बरोबर आहे?

ए-३०२: बरोबर. साठीच्या पुढच्यांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर वर्षभरात हप्त्यांनी भरायचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावाच लागत नाही, म्हणून तो न भरल्याचं व्याज, २३४बी आणि २३४सी, दोन्ही नाहीत. मात्र जन्मतारीख प्रोफाइलमध्ये नीट आहे ना ते बघा. साठीच्या आतल्या माणसाची हीच बाकी असती तर नुसत्या २३४बी चे एप्रिलपासून नऊ महिन्यांचे १,१६१ वाढले असते, वर २३४सी वेगळं.

ए-११०३: जुन्या पद्धतीने भरलं तर? मेडिक्लेम, ८०सी (बचतीची वजावट), सीनियरचं ८०टीटीबी (व्याजाची वजावट), सगळं आहे त्यांचं.

ए-३०२: उशिराच्या रिटर्नमध्ये पगारदार आणि पेन्शनरांना जुनी पद्धत निवडताच येत नाही. ती निवड मुदतीच्या आतल्या रिटर्नमध्येच करायची असते. वहिनींच्या सासऱ्यांचं यात काही अडत नाही: ८०सी चे दीड लाख, मेडिक्लेमचे ५०,००० आणि ८०टीटीबीचे ५०,००० धरले तरी जुन्या पद्धतीने ३७,४४० येतात, म्हणजे ५२० रुपये जास्तच. पण मुंबईत भाड्याच्या घरात राहून एचआरए (घरभाडे भत्ता) घेणारे, किंवा गृहकर्जाचं व्याज भरणारे, यांना हा फटका ५,००० च्या कितीतरी पट बसतो. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढायचा असेल तर तोही हक्क मुदतीबरोबर जातो. फक्त घराच्या उत्पन्नातला तोटा उशिरा भरूनही पुढे नेता येतो.

डी-५०५: क्रम असा ठेवा. आधी एआयएस आणि २६एएस (आपल्या नावावरचं उत्पन्न आणि कापलेला कर यांच्या नोंदी) उतरवा. एफडी दोन-तीन बँकांत असतात आणि व्याज एकाच बँकेचं लिहिलं जातं. पोस्टातली योजना तर हमखास विसरतात. मग ई-फाइल, इन्कम टॅक्स रिटर्न्स, असेसमेंट इयर २०२५-२६, ऑनलाइन. फॉर्म आयटीआर-१. फाइलिंग सेक्शनमध्ये १३९(४) आहे याची खात्री करा.

पैसे भरताना मायनर हेड ३००, सेल्फ असेसमेंट टॅक्स. चलनाच्या रकान्यांत टॅक्स १२,९२४ (राऊंडिंगचे चार रुपये यातच), इंटरेस्ट ५१६, अदर्स ५,०००. विलंब शुल्क पेनल्टीच्या रकान्यात टाकू नका, ते अदर्समध्ये.

आणि वर्ष! २०२४-२५ च्या कमाईला असेसमेंट इयर २०२५-२६. घाईत २०२६-२७ निवडलं जातं, पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात बसतात आणि बंगळुरूच्या सीपीसीकडून (रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र) १८,४४० ची मागणी येते. वर्ष चुकलंच तर पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये चलन करेक्शन आहे, पण वर्ष बदलायला भरल्यापासून सातच दिवस. नंतर तुमच्या वॉर्डच्या अधिकाऱ्याकडे अर्ज. तेव्हा मात्र खेप पडू शकते.

भरून झालं की चलनावरचा सात अंकी बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक टॅक्स पेडच्या पानावर आलाय का बघा. नसेल तर हाताने टाका. बाकी शून्य दिसेपर्यंत सबमिट नको. "पे लेटर" तर दाबूच नका.

सी-८०२: मागच्या बिल्डिंगमध्ये एक एजंट येतो, म्हणतो खोट्या वजावटी दाखवून टीडीएस सगळा परत आणून देतो, दहा टक्के द्या.

ए-३०२: कृपा करून कुणीही जाऊ नका. नव्या पद्धतीत ८०सी, ८०डी (मेडिक्लेम) नाहीतच, तो दाखवणार काय? आणि खोटी माहिती देऊन बुडवलेल्या करावर २७०ए खाली २०० टक्के दंड आहे. तो खरा दंड, आणि तो एजंटला नाही, पॅनकार्ड ज्याचं त्याला.

बी-७०४: आणि ३१ तारीखही हुकली तर?

ए-३०२: मग उरतं अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर कर आणि व्याज मिळून जे होतं त्यावर २५ टक्के जादा, पुढच्या वर्षी ५०, मग ६०, शेवटी ३१ मार्च २०३० पर्यंत ७०. २३४एफ चे ५,००० सुटत नाहीतच. आणि त्यात रिफंड मागता येत नाही. ज्यांचा टीडीएस परत यायचाय त्यांचे पैसे अडकले, म्हणून त्यांनी तर थांबूच नये. मोठं आजारपण किंवा घरात मृत्यू असं सबळ कारण असेल तर ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांत, डिस्चार्ज कार्डासकट. विसरलो, हे कारण तिथे टिकत नाही.

ए-११०३: आपल्या सोसायटीच्या रिटर्नचं काय?

डी-५०५: ऑडिटवाल्यांची मुदत यंदा १० डिसेंबर होती, आपलं त्याआधीच गेलंय. सोसायटीला शुल्कापेक्षा मोठी भीती ८०पी (सहकारी संस्थांची वजावट) हातची जाण्याची असते. सहकारी बँकेतल्या सिंकिंग फंडाच्या एफडीवरचं व्याज त्यात वजा होतं, पण ८०एसी प्रमाणे मुदतीत रिटर्न असेल तरच. एक दिवस उशीर झाला की त्या सगळ्या व्याजावर कर. पुढच्या कमिटीने हे लिहून ठेवा.

बी-७०४: सगळं आजच भरते. व्हेरिफिकेशन नंतर चालेल ना, ३० दिवस असतात म्हणे? सासऱ्यांच्या आधारला जुना नंबर जोडलाय, ओटीपी येत नाही.

ए-३०२: चालेल वहिनी, पण हे नीट समजून घ्या. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर रिटर्नची तारीख आजचीच राहते. त्यापेक्षा उशीर झाला तर व्हेरिफाय केल्याचा दिवस हीच रिटर्नची तारीख. तो दिवस जानेवारीतला, म्हणजे ३१ डिसेंबरनंतरचा, म्हणजे आज भरलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरतील. पैसे सरकारजमा आणि रिटर्न नाही, अशी गत होईल.

आधारचा ओटीपी हा एकच मार्ग नाही. त्यांच्या पेन्शनच्या बँकेच्या नेट बँकिंगमधून आयकर पोर्टलवर लॉगिन करा, तिथून लगेच व्हेरिफाय होतं. नेट बँकिंग नसेल तर पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेल्या खात्यावरून ईव्हीसी (व्हेरिफिकेशनचा कोड) मागवा, तो खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि ७२ तास चालतो. तेही जमलं नाही तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) छापून निळ्या शाईने सही करून बंगळुरू ५६०५०० ला स्पीड पोस्टने पाठवा, तीस दिवसांच्या आत पोचेल असं.

बी-७०४: नेट बँकिंग आहे त्यांचं. संध्याकाळी बसते.

ए-३०२: उत्तम. "सक्सेसफुली ई-व्हेरिफाइड" असं दिसलं की पावती आणि चलन दोन्हींची पीडीएफ उतरवून ठेवा. अडलं तर साडेनऊनंतर घरी या, मी जागी आहे.