खाडीत दोन-तीन बोटी एकमेकींना बांधताना काय काळजी घ्यावी?

खाडीकाठ (बेलापूर)

नमस्कार. आम्हा तीन मित्रांच्या तीन बोटी आहेत : एक २४ फुटांची फायबरची मोटरबोट, एक १८ फुटांची तशीच पण हलकी, आणि एक २२ फुटांची शिडाची. गेल्या पौर्णिमेला रविवार आला म्हणून आम्ही पनवेल खाडीच्या एका वळणावर तिन्ही बोटी शेजारीशेजारी बांधून जेवायचे ठरवले. पावणेबाराला मोठ्या बोटीचा नांगर टाकला तेव्हा पाणी इतके स्तब्ध होते की पाण्यात पडलेली लिंबाची फोड बोटीला चिकटून तिथेच तरंगत राहिली. पाणी सुमारे ६ मीटर खोल होते आणि नांगराची दोरी आम्ही १५ मीटर सोडली होती, साखळी नव्हती.

अडीचच्या सुमारास ताटे आवरताना लक्षात आले की समोरची तिवरांची रांग आपल्या जागी नाही, म्हणजे अर्थातच आम्ही आमच्या जागी नव्हतो. तिन्ही बोटी एकगठ्ठा चिखलाच्या उथळाकडे सरकत होत्या. मधला फेंडर (कडा घासू नयेत म्हणून बोटींमध्ये टांगायची उशी) उसळून वर आला, दोन बोटींच्या कडा एकमेकींवर घासल्या, आणि मित्राने त्या अडवण्यासाठी हात मध्ये घातल्यामुळे त्याचे नख काळेनिळे झाले. ताणलेल्या गाठी सुटेनात, म्हणून शेवटी पाव कापायच्या सुरीने दोऱ्या कापाव्या लागल्या, आणि त्या गडबडीत लहान बोटीचा क्लीट (दोरी बांधायची खुंटी) स्क्रूंसकट उपटून हातात आला.

प्रत्येक बोटीने आपापला नांगर टाकायला हवा होता का, दोरी किती सोडायची, आणि सुटताना पटकन सुटेल अशा रीतीने बांधायचे कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना सारंग (ऐरोली)

आपण सारे सुखरूप आहात हे महत्त्वाचे. आता चुका पाहू.

नांगर खोलीने टिकत नाही, आडव्या ओढीने टिकतो. दोरी आखूड असली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगराचा फाळ गाळातून उचकटून निघतो. हिशेब नेहमी पाण्याची खोली अधिक पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतची (पुढच्या टोकापर्यंतची) उंची असा धरावा, आणि खोली त्या मुक्कामात पाणी जास्तीत जास्त चढेल तेव्हाची घ्यावी. आपल्या बाबतीत ६ आणि १ मिळून ७ मीटर झाले. त्याच्या सात पट, म्हणजे ४९ मीटर दोरी हवी होती; आपण जेमतेम दुप्पट सोडली. त्याशिवाय दोरी आणि नांगर यांच्यामध्ये निदान बोटीच्या लांबीइतकी साखळी असावी, कारण तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते.

दुसरी गोष्ट अशी की तीन बोटींचा भार एका नांगरावर आला होता. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. बाराला निवांत वाटलेला नांगर अडीचला का हरला, याचे उत्तर यातच आहे.

तरीही प्रत्येकाने नांगर टाकावा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे प्रवाह दिवसातून चार वेळा उलटतो आणि नांगरावरची बोट त्याबरोबर फिरते. तीन नांगर टाकलेले असतील तर तिन्ही दोऱ्यांची वेणी पडते, आणि ती सोडवायला जो वेळ लागतो तो अशा प्रसंगी कोणाकडेच नसतो. सर्वांत जड बोटीने एकटीने, सर्वांत चांगला नांगर टाकावा, मग इंजिन हळू मागे चालवून तो रुतल्याची खात्री करावी. काठावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धराव्यात, उदाहरणार्थ एखादा खांब आणि त्यामागची इमारत. ती रेषा मोडली की नांगर घसरतो आहे असे समजावे. पंधरा-वीस मिनिटे पाहून मगच बाकीच्यांना बोलवावे. त्यांचे नांगर आपापल्या नाळेवर तयार असावेत, पाण्यात नसावेत. जड बोट मधे ठेवून दोन्ही बाजूंना एकेक बांधली तर ओढ समतोल राहते.

जागेबद्दलही एक सांगतो. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरुंद जलमार्गात, परिस्थितीने भाग पाडल्याशिवाय, नांगर टाकायचा नसतो. ४९ मीटर दोरीवर तीन बोटींचा घोळका किती मोठे वर्तुळ फिरेल हे आधी मनात आखून पाहा, आणि ते जाण्या-येण्याच्या वाटेत येत असेल तर जागा बदला.

शिडवाली (ठाणे)

सारंगकाका नांगराचे बोलले, मी बांधण्याचे सांगते. आपण बहुधा फक्त पुढची आणि मागची अशा दोनच दोऱ्या बांधल्या असाव्यात. त्या बोटींना जवळ धरतात, पण पुढेमागे सरकण्यापासून रोखत नाहीत, आणि फेंडर उसळतो तो याच सरकण्यामुळे. म्हणून आणखी दोन तिरप्या दोऱ्या लागतात, ज्यांना स्प्रिंग म्हणतात : एक आपल्या नाळेकडून शेजारणीच्या मागच्या भागाकडे, दुसरी आपल्या मागच्या भागाकडून तिच्या नाळेकडे. या दोन ताणल्या की बोटी एका जीवाने हलतात. जवळ येताना प्रवाहाच्या तोंडाकडे नाळ ठेवून हळू यावे, आधी नाळेची दोरी द्यावी, मग मागची, आणि शेवटी स्प्रिंग.

फेंडर बोट जिथे सर्वांत रुंद आहे तिथे किमान तीन लावावेत, आणि बोट शेजारी येण्याआधी लावावेत. शिडाच्या बोटीची डोलकाठी शेजारच्या बोटीच्या छताशी किंवा दुसऱ्या डोलकाठीशी समोरासमोर येऊ देऊ नये. एखादी फेरीबोट लांबून गेली तरी तिच्या लाटेने दोन्ही बोटी विरुद्ध दिशांना झुकतात आणि वरच्या वर ठोकर बसते, जिच्याकडे खाली फेंडर पाहत बसलेल्यांचे लक्षही जात नाही.

दोरी बाजारातली निळी प्लास्टिकची वापरली असेल तर ती बदला. ती गुळगुळीत असते, उन्हात कुजते, आणि तरंगत असल्यामुळे इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यात सहज जाते. नांगराला ताण खाणारी नायलॉनची आणि बोटी एकमेकींना बांधायला कमी ताणणारी पॉलिस्टरची दोरी चांगली. क्लीटवर आधी एक पूर्ण वेढा, मग आठाचा आकडा, आणि शेवटी एकच अडकवण. चार-पाच गाठींचा गठ्ठा करू नये. बोलाइन ही न आवळणाऱ्या फासाची गाठ कितीही विश्वासू असली तरी ताणाखाली सुटत नाही, त्यामुळे तिचा फास शेजारणीकडे द्यावा आणि सुटणारे टोक आपल्या क्लीटवर ठेवावे. दातेरी सुरी प्रत्येक बोटीत सुकाणूजवळ असावी. पाव कापायची सुरी वेळेला सापडली हे आपले नशीब. क्लीट स्क्रूंवर होता हे वाचून मात्र धडकी भरली. त्याला आरपार बोल्ट आणि डेकच्या खालून धातूची पट्टी हवी.

हात-पाय मध्ये घालायचे नाहीत, हे जेवणाआधी सर्वांना मोठ्याने सांगावे. बोटीची कड दुरुस्त होते.

खाडीकाठ (बेलापूर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. दोनच दोऱ्या होत्या, आणि निळीच होती. पुढच्या वेळी मुलेही येणार आहेत. गाणी आणि पंखा चालावा म्हणून मोठ्या बोटीचे इंजिन संथ सुरू ठेवले तर चालेल का?

शिडवाली (ठाणे)

नाही. बांधलेल्या बोटींच्या मधल्या फटीत आणि मागच्या बाजूला धूर साचतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही. मळमळ आणि डोकेदुखी झाली की लोक ऊन लागले असे समजतात. गाण्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा. एखादे मूल पाण्यात असेल तर कोणत्याच बोटीचे इंजिन सुरू करायचे नाही, किल्ली काढून ठेवायची.

दिवाळे बंदर

तुम्ही सर्वांनी दोरीचे बरोबर सांगितले, पण दिवस चुकला होता हे कोणी बोलले नाही. आमच्याकडे साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याचे सव्वाअकरा. खाडीत आत येईपर्यंत आणखी थोडा वेळ. तुम्ही बरोबर भरल्या पाण्यावर नांगर टाकलात, म्हणून पाणी स्तब्ध होते. तेही उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीचे पाणी. मोठ्या उधाणाला इथे ४ मीटरच्या आसपास चढउतार होतो, आणि त्यातले निम्मे पाणी सुकतीच्या (ओहोटीच्या) तिसऱ्या आणि चौथ्या तासात निघून जाते, म्हणजे साधारण दोन ते चारमध्ये. तुमची पंगत उठायची आणि पाणी पळायचे, एकच वेळ.

गाळात रुंद पात्यांचा, चपटा नांगर चांगला धरतो. खडकासाठीचा अरुंद, आकड्यासारखा नांगर नुसता नांगरणी करत जातो. आणि जाळ्यांसाठी रोवलेले खुंटे दिसले तर त्यांना बोट बांधू नका, त्यांच्या जवळ नांगरही टाकू नका. ते रिकामे दिसले तरी रिकामे नसतात. (अवांतर : ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या पश्चिमेच्या काठाकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय हा बेत करू नये.)

खाडीकाठ (बेलापूर)

हा हिशेब अगदी नवा आहे, आजच दिनदर्शिका काढून बसतो. म्हणजे अष्टमीला भरती सहाला, आणि दुपारी बाराला सुकती. भांगाचे (अष्टमीच्या सुमाराचे, कमी चढउताराचे) पाणी असल्यामुळे प्रवाहही कमी. मग येत्या अष्टमीला त्याच जागी जमावे असे वाटते.

दिवाळे बंदर

दिवस चांगला आहे, जागा पुन्हा तपासा. पौर्णिमेच्या भरतीला जिथे ६ मीटर होते तिथे अष्टमीच्या सुकतीला तीन-साडेतीन मीटर असेल. तेवढ्यात मधली बोट तरंगेल, पण तुमचे सगळे वर्तुळ तरंगले पाहिजे, आणि त्या वळणावर काठाचा चिखल लांबवर उघडा पडतो. शिडाच्या बोटीचा कणा खोल असतो, तो आधी टेकेल. बाराच्या पुढे पाणी चढू लागले की तिन्ही बोटींची तोंडे फिरतील, तेव्हा फिरण्याआधी सोडून पुन्हा बांधा किंवा जेवण लवकर उरका. दोरी मोजताना घरी निघण्याच्या वेळेचे चढलेले पाणी धरा, बाराचे नव्हे. त्यातल्या त्यात बरे एवढेच की चढत्या पाण्यात टेकलात तर पाणीच उचलते. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत डासांबरोबर मुक्काम.

आदल्या दिवशी लहान बोट घेऊन जा. दोरीला शिशाचे वजन बांधा, दर मीटरला कापडाची चिंधी गाठवा, आणि नांगराच्या जागेपासून चारही बाजूंना पन्नास-साठ मीटरपर्यंत खोली मोजून या.