मदत हवी आहे: 'तो डिस्को' की 'ते डिस्को'?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकाची प्रुफं वाचतेय. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतल्या नाचगाण्यांवर एक फार चांगला लेख आलाय, पण 'डिस्को' या एका शब्दापाशी दोन दिवस अडकून पडले आहे. लेखकांनी एकाच पानावर 'ते डिस्को ऐकताना', 'त्या डिस्कोत गर्दी असायची' आणि 'मग डिस्को बंद पडला' असं लिहिलंय. फोन केला तर म्हणाले, "माझ्या कानाला तिन्ही बरोबर वाटतात, तुम्हीच ठरवा." मलाही तिन्ही बरोबर वाटतात, हीच अडचण आहे.

आतापर्यंत जेवढं लावता आलं ते सांगते. मूळ शब्द फ्रेंच, 'दिस्कोतेक'. ग्रंथालयाला ते लोक 'बिब्लिओतेक' म्हणतात, त्याच साच्यात पुस्तकाच्या जागी 'दिस्क' घातलं. म्हणजे सरळ अर्थ तबकड्यांचा संग्रह. आपणही रेकॉर्डला तबकडी म्हणत आलोय, त्यामुळे हे वाचून मला फार आनंद झाला. पुढे पॅरिसमध्ये वादक न बसवता रेकॉर्ड लावून नाचायच्या जागांना हे नाव पडलं आणि इंग्रजीत गेल्यावर शब्दाची शेपटी गळून नुसतं 'डिस्को' राहिलं. मग त्या जागांत जे वाजायचं, त्या संगीतालाही तेच नाव मिळालं. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण १२० ठोके, आणि दोन ठोक्यांच्या मधे झांजेचा 'त्स्स' आवाज. एकदा तो 'त्स्स' ओळखता आला की डिस्को ऐकताक्षणी कळतं.

आता लेखातलं अडलेलं वाक्य. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. हे सांगून झाल्यावर पुढच्याच ओळीत लेखक म्हणतात, 'मग डिस्को बंद पडला'. त्यांना म्हणायचंय की त्या संगीताची चलती ओसरली. पण मराठी वाचक ते वाक्य 'कोपऱ्यावरचा क्लब बंद पडला' असंच वाचणार. निदान मी पहिल्यांदा तसंच वाचलं.

त्यात आपल्याकडे या शब्दाचं आणखी वेगळंच झालंय. १९८० मध्ये 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं आलं, १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात डिस्कोथेक कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, शब्द मात्र पडद्यावरून थेट वरातीत उतरला. माझ्या आईच्या तोंडी डिस्को म्हणजे नाच, 'पोरं बँडपुढे डिस्को करत होती'. आत्याच्या तोंडी ते चक्क विशेषण. काकांच्या लग्नातला एक शर्ट तिने अजून ट्रंकेत ठेवलाय, जांभळा, कॉलरला चंदेरी जरीची पट्टी. तो बाहेर निघाला की म्हणते, "हा बघ त्याचा डिस्को शर्ट." शिवाय डिस्को लाइट, डिस्को दांडिया आहेतच. (जाता जाता, 'डीजे'मधला 'डी'सुद्धा त्याच तबकडीचा. रेकॉर्ड लावणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे स्पीकरच्या भिंतीला चिकटलं. शब्द असेच सरकतात, त्यामुळे आईचा किंवा आत्याचा अर्थ चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.)

लिंगाबद्दल माझा अंदाज असा: फोटो, रेडिओ, टेम्पो, स्टुडिओ, व्हिडिओ हे ओकारान्त परके शब्द मराठीने पुल्लिंगी करून घेतले. 'मेट्रो' तेवढी 'ती', बहुधा मनात गाडी असते म्हणून. या चालीने नाच तो डिस्को आणि जागाही तो डिस्को. संगीत मात्र मनात 'संगीत' हा शब्द असल्यामुळे 'ते डिस्को' होतं. म्हणून जागेसाठी सगळीकडे 'डिस्कोथेक', संगीतासाठी पहिल्यांदा 'डिस्को संगीत' आणि नंतर 'ते डिस्को', आणि नुसता 'तो डिस्को' फक्त नाचासाठी, अशी वाटणी करावी असं मनात आहे. अडलेलं वाक्य मग 'डिस्को संगीताची लाट ओसरली' असं होईल.

हे तुमच्या कानाला पटतं का? ऐंशीच्या दशकात जे कॉलेजात होते त्यांनी खास सांगा, तेव्हा मुंबई-पुण्यात जागेला 'डिस्को' म्हणायचे की 'डिस्कोथेक'? 'डिस्कोला गेलो' म्हणायचे की 'डिस्कोत'? विदर्भ-मराठवाड्यात किंवा गोव्यात वेगळं ऐकलं असेल तर तेही हवंय. आणि 'डिस्कोथेक' तो की ते, यावर माझं अजून ठरत नाहीये.

गुरुवारी संध्याकाळी पानं प्रेसमध्ये जातात. त्याआधी जे आठवेल ते एका ओळीत लिहिलंत तरी चालेल.