पोरावर खेकसल्यानंतर समजूत कशी काढायची? (वय ३ ते ६)

विश्रामबाग_बालवर्ग
नमस्कार. सांगलीत बालवर्ग चालवते. शनिवारी पालकसभा आहे. चिठ्ठ्यांमधून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: सकाळच्या गडबडीत पोरावर खेकसतो, एखादा धपाटाही बसतो, मग दिवसभर जिवाला लागून राहतं. नंतर बोलायचं काय? ‘प्रेमानं वागा’ असलं नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नेमके शब्द, किती वेळानं आणि काय टाळायचं, एवढं सांगा. बरेचजण एकत्र कुटुंबातले आहेत. काही वडील शिफ्टला असतात, घरी येईपर्यंत पोर झोपलेलं असतं.

समुपदेशन_सातारा
आधी आपला आवाज खाली येऊ द्या. तोंडावर पाणी मारा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. दात-ओठ खात म्हटलेलं ‘सॉरी’ मुलाला दुसरं ओरडणंच वाटतं. पण सगळं संध्याकाळवर ढकलू नका. आई चिडली आणि शाळेत पाठवून दिलं, एवढंच घेऊन पोर दिवसभर बसतं. रिक्षा यायच्या आधी अर्धा मिनिट मिळाला तरी तेवढ्यात, “मी फार मोठ्यानं ओरडले. संध्याकाळी तुझ्याजवळ बसते.” बाकीचं नंतर.

संध्याकाळी त्याच्यासमोर खाली बसा. उभ्यानं, भाकरी थापता थापता नको. चार वाक्यं पुरतात: “सकाळी बूट घालताना मी तुझ्यावर ओरडले. तू घाबरलास. ओरडले ही माझी चूक, तुझी नाही. उद्याचे बूट आपण आत्ताच दाराशी ठेवू.” आणि लगेच उठून दोघांनी बूट ठेवायचे.

पहिल्या वाक्यात ‘बूट’ आलाच पाहिजे. नुसतं “आज चुकलं माझं” म्हटलं तर कशाबद्दल चाललंय ते या वयाला कळत नाही. तिसरं वाक्य तर गाळूच नका, कारण घरात कुणी चिडलं की ते आपल्यामुळेच, असं लहान मूल धरून चालतं. “आता कधीच ओरडणार नाही” मात्र म्हणू नका. तो शब्द परवापर्यंत टिकत नाही आणि पुढच्या माफीची किंमत जाते.

बिघडतं ते ‘पण’मुळे. “सॉरी, पण तू ऐकतच नाहीस” यातलं पोर फक्त ‘पण’च्या पुढचं ऐकतं. “माफ केलंस ना? मग पापी दे” हेही तसलंच, म्हणजे आता पोरानं आईची समजूत काढायची! आपल्यालाच रडू येत असेल तर दुसऱ्या खोलीत जा. आणि त्याच संध्याकाळी राजवाडा चौपाटीवर आईस्क्रीम नको. न्या की, पण दुसऱ्या दिवशी. नाहीतर एका ओरडण्याला एक आईस्क्रीम असा भाव ठरतो.

नियम मागे घेऊ नका. दात घासण्यावरून आवाज चढला तर माफी आवाजाची. दात घासायचेच.

अंगणवाडी_मिरज
एकत्र घरात पोर रडत आज्जीकडे पळतं आणि आज्जी म्हणते, “थांब, तुझ्या आईला हाणूया!” मायेपोटीच म्हणते, पण आई वाईट आणि मारलं की प्रश्न सुटतो, हे दोन्ही पोर एकदम शिकतं. आज्जीला थांबवू नका, वाक्य बदलून द्या. मांडीवर घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, “आई चिडलीय, येईल आत्ता,” बास. ओरडणं सगळ्यांदेखत झालं असेल तर माफीही सगळ्यांदेखत, सासू-सासऱ्यांसमोरसुद्धा. इथंच बऱ्याच जणांचं घोडं अडतं, बाप्यांचं जास्त.

शिफ्टवाल्यांनी झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला तर त्यांचं मन हलकं होतं, पोराला पत्ताच नसतो. सकाळी उठल्यावर बोला, नाहीतर सुट्टीत व्हिडिओ कॉल करा.

माफी मागूनही पोर जवळ आलं नाही म्हणून पुन्हा चिडू नका. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. खेळता खेळता आई काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते. ती परत हसू-बोलू लागली तरी बाळ लगेच पहिल्यासारखं होत नाही, कुरकुरतं, नजर चुकवतं. ती तर तान्ही बाळं होती. तेव्हा ओढून कुशीत घेऊ नका. शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहा. थोड्या वेळानं तेही एक शेंग उचलून दातानं फोडायला बघतं. तेव्हा बोला.

बालरोग_कराड
ओढाओढीचं कुणी बोललं नाही. “चल लवकर” म्हणत मनगटाला हिसका दिला की कोपरातलं हाड त्याच्या गोल बंधातून थोडं सरकतं. चार-पाच वर्षांखालच्यांत हे नेहमीचं. सूज बहुधा नसते, पोर हात अंगाशी धरून ठेवतं आणि त्या हातानं खाऊही घेत नाही. चोळायचं नाही, हाडवैद्याकडे नाही. डॉक्टर एका मिनिटात बसवतात आणि बरीच मुलं थोड्याच वेळात हात वापरू लागतात. सूज असेल तर मोडल्याची शंका, एक्स-रे हवा.

कानाखाली बसली असेल आणि कान दुखत असेल, पाणी किंवा रक्त येत असेल, कमी ऐकू येत असेल तर कानात कोमट तेल अजिबात घालू नका. पडदा फाटलेला असू शकतो. कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि कसं लागलं ते खरं सांगा. तान्ह्या बाळाला रागात गदागदा हलवणं तर जिवावर बेतू शकतं. हात शिवशिवायला लागले तर बाळाला पाळण्यात ठेवून दाराबाहेर जा. रडेल, रडू दे.

आणि झोपेचा हिशेब घाला. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मालिका संपल्यावर साडेदहाला झोपलेलं पोर सहाला उठवलं तर साडेसातच होतात. ते किरकिरणारच. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, पण रिक्षामामांना पाच-सहा घरं घ्यायची असतात. म्हणून रात्रीचं जेवण साडेसातला, दिवे साडेआठला.

विश्रामबाग_बालवर्ग
हे सगळं छापून देते. एक राहिलं. माफी मागायला गेलं आणि पोरगं म्हणालं, “तू वाईट आई आहेस,” तर?

समुपदेशन_सातारा
“तुला माझा राग आलाय,” एवढंच म्हणा आणि तिथंच बसून राहा. “आईला असं बोलतात का?” हे त्या दिवशी नको. आणि रोजच ओरडणं-मारणं होत असेल, आपलीच झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर सभेत फळ्यावर लिहा. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.