भारनियमन आणि फाइल सिस्टिम

'लिनक्स म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले' हे मत इथे वाचून राहवलं नाही. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम.)

मी पारोळा तालुक्यातला, घरी कापूस. २००४ मध्ये धुळ्याला शिकताना जुना पीसी घेतला, विंडोज ९८ वाला. भारनियमन रोजचंच, यूपीएसला पैसे नाहीत. वीज येऊन मशीन सुरू केलं की डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क रांगत बसायचं आणि प्रोजेक्टच्या फाइलीऐवजी सीएचके नावाचे तुकडे हाती यायचे. कारण त्याची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॅट३२, आणि तिच्यात जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाहीच. मित्राच्या सीडीवरून लिनक्स टाकलं, त्यात एक्स्ट३ ही जर्नलवाली फाइल सिस्टिम. किराणा दुकानदार आधी रोजमेळात लिहितो, मग खातं, तसंच. वीज गेली तर रोजमेळ वाचून काही सेकंदांत गाडी रुळावर. (सेव्ह न केलेलं मात्र जायचंच.)

आता खरं सांगायचं तर विंडोज एक्सपीच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमलाही जर्नल आहे. माझ्या डबड्याला एक्सपी झेपत नव्हतं, एवढंच. चोचले कसले, नाइलाज होता.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काकांच्या लॅपटॉपला विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणून डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. "हाई काय शे रे भाऊ?" एवढंच विचारलं त्यांनी, ब्राउझर दिसल्यावर गप्प. टॅलीवाल्या चुलतभावाला मात्र मी हे सुचवणार नाही, टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे.